फळांची घरची नावं

माझ्या भागीदाराने गुरुजींना फसवलं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला 'ताई, दोन्ही बाजू ऐकाव्यात' असं शिकवायला नको. त्याने गुरुजींची वही गुपचूप झेरॉक्स केली, तिच्यावरून रंगीत तक्ता छापला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मला फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. मी बाजारात वाढलेली बाई, मीही कुणाकुणाला गुंडाळलं असेलच. पण गुरुजींना फसवायचं म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी ओढायची.

दुबईतल्या देऱ्याच्या जुन्या भाजीमंडईत तेव्हा माझा गाळा होता. परवाना एका अरबाच्या नावावर, पण गाळा माझा. मी पुरंदरच्या बाजूची. परकर नेसत होते तेव्हापासून दिवे घाटाच्या वर, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेली. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून भाव पाडणाऱ्या बायकांशी भांडून माझा गळा तयार झाला. लग्नानंतर नवऱ्यामागोमाग दुबईला आले. तो जबल अली बंदरात क्रेनवर. दोन वर्षं फ्लॅटमध्ये बसून भिंतींकडे बघितलं आणि मग त्याला म्हटलं, "मला विकायला काहीतरी आण, नाहीतर मी तुलाच विकून टाकीन." त्याने हसून कुठूनसं कर्ज काढलं. बँकॉकहून विमानाने येणारी फळं आणि फुलं हा माझा माल. त्या काळात असला माल घेणारे थोडे होते, म्हणून विकणारेही थोडे.

गुरुजी विमानतळावरच्या थंड गोदामात कारकून होते. आलेली खोकी मोजायची, कागदावर खुणा करायच्या, सही करायची, एवढं काम. मूळचे संगमेश्वरकडचे, भिक्षुकाच्या घरातले. शुक्रवारी सुट्टी असायची, त्या दिवशी ते करामा, बर दुबई, शारजा इथल्या मराठी घरांत दारं लावून, घंटा हलक्या हाताने वाजवत सत्यनारायण सांगायचे. म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गोदामात हाडं गोठवणारी थंडी आणि बाहेर भट्टी. गुरुजींच्या डोक्यावर कायम विटकरी रंगाची कानटोपी. गोदामातून बाहेर आले, बसस्टॉपवर उभे राहिले, जुलै महिना असला तरी ती उतरायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, काढघाल करण्यातच निम्मं आयुष्य जातं माणसाचं. एकदा घातली, की घातली."

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. माझी खोकी सोडवायला मी गेले होते. गाडी बाहेर उन्हात उभी. गुरुजींनी कागद पुढे ओढला आणि पेन वर धरून बसले.

"आत काय आहे?"

"सीताफळं."

"ते आपलं नाव झालं. हे बँकॉकहून आलंय. त्याला त्याच्या घरी काय हाक मारतात?"

"गुरुजी, मी ते विकणार आहे. त्याची मुंज नाही लावणार. सही करा."

"मग माहीत नाही म्हणा."

मला 'माहीत नाही म्हणा' असं कुणी म्हटलेलं खपत नाही. मी खोक्यावरच्या थाई अक्षरांवर बोट आपटलं. "हे लिहिलंय की इथे! वाचा!"

"मला वाचता येत नाही."

"मग तुम्ही म्हणा माहीत नाही!"

"मी म्हणतोच आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "वीस दिवस झाले, रोज म्हणतोय. झोप लागत नाही हो."

सही केली आणि बिचारे खोक्याकडे असे बघत राहिले, जणू आत कुणी पाहुणा बसलाय आणि त्याला पाणी विचारायचं राहून गेलंय. माझा राग तिथेच विरघळला. एरवी तो इतक्या लवकर विरघळत नाही.

या वेडामागचं कारण मला पुढे कळलं. पूजेला फुलं हवी असत आणि दुबईत मिळायची ती माझ्या खोक्यांतली. एकदा एका घरी यजमानीणबाईंनी चौरंगावर जांभळ्या रंगाची कुठलीशी थाई फुलं ठेवली. गुरुजी 'पुष्पं समर्पयामि' म्हणायला गेले आणि अडले. कुठलं पुष्प? जवळ एखादी वस्तू नसेल तर तिच्या जागी अक्षता वाहायची सोय शास्त्रात आहे, हे मलाही माहीत आहे. पण गुरुजींचं म्हणणं, वस्तू नसेल तेव्हा अक्षता. वस्तू समोर असून तिचं नाव आपल्याला येत नाही, तर तो आपला आळस. "आपण संकल्पात आपलं गोत्र सांगतो, गाव सांगतो. मग त्या बिचाऱ्या फुलाने काय घोडं मारलंय? इतक्या लांबून विमानात बसून आलंय ते."

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. फळाचं नाव कळेपर्यंत ते तोंडात घालायचं नाही. "ओळख ना पाळख, आणि आपण कुणाच्या घरी पान मांडून बसतो का?" असं म्हणायचे. माझ्या गाळ्यावर मी त्यांना सोललेलं, रसाळ, पांढरंशुभ्र फळ पुढे करायची. गुरुजी वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि ते कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचे. त्याचं नाव विचारत हिंडायचे. कधी नाव कळेपर्यंत फळ कुजून जायचं. मग नाव कळल्यावर दुसरं मागून घ्यायचे, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारून मगच खायचे. मँगोस्टीन हातात घेऊन म्हणताना मी स्वतः ऐकलंय. "या, मांगखुत."

विचारायला ते कुठेकुठे जात! शुक्रवारी दुपारी पूजा आटोपली, की धोतर पिशवीत, पँट अंगावर, आणि बस धरून जबल अलीच्या लेबर कॅम्पात. तिथे थाई वेल्डर राहायचे. हॉटेलांच्या मागच्या दारी, जिथे स्वयंपाकी सिगारेट ओढायला बाहेर येतात, तिथे. पण त्यांची खरी गुरू दुबईतल्याच सत्वा वस्तीच्या गल्लीत होती. साठीची थाई बाई, कपडे शिवायची. वीस वर्षं दुबईत राहून बाजारी हिंदी बोलायची. थाई भाषेत मावशीला 'पा' म्हणतात हे कुणीतरी सांगितलं, म्हणून गुरुजी तिला पा म्हणायला लागले. दर आठवड्याला तिच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून एकेक फळ पिशवीतून काढायचे. तीन महिन्यांनी तिने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम अच्छा आदमी. लेकिन तुम हमको रोज जंगल क्यूँ बोलता?"

झालं होतं असं, की 'पा' म्हणताना आवाज वरून खाली घसरला तर मावशी होते, आणि खालीच राहिला तर जंगल. गुरुजी तीन महिने "नमस्कार, जंगल" म्हणून आत शिरत होते.

दुसरा कुणी लाजून जायचा बंद झाला असता. गुरुजी नाचायचेच बाकी राहिले होते. धावत माझ्याकडे आले. "वहिनी, ह्यांच्या भाषेला स्वर आहेत! वेदासारखे स्वर!" मला वेदातलं काय कळणार? त्यांनी मोसंब्याच्या खोक्यावर खडूने लिहून दाखवलं. लहानपणी वडिलांनी रुद्र शिकवला तेव्हा अक्षराखाली आडवी रेघ असली की आवाज खाली न्यायचा आणि डोक्यावर उभी रेघ असली की वर. चुकलं की पाठीत धपाटा. त्याच रेघा त्यांनी थाई नावांना दिल्या. घसरणाऱ्या आवाजाला रुद्रात खूण सापडेना, तेव्हा पन्हळीसारखी तिरकी रेघ स्वतः काढली. पुढच्या शुक्रवारी पाच्या दारात उभे राहिले आणि रेघ बघून हाक मारली. पा मशीनवरून उठली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "आज हम मावसी हुआ."

मग वही सुरू झाली. जाड पुठ्ठ्याची, लांबट. पानावर पाच रकाने पाडलेले. फळ किंवा फूल, आपल्याकडचं नाव असल्यास ते, घरचं नाव, स्वराच्या रेघा, आणि शेवटचा रकाना 'कोणी सांगितलं'. या शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला माणूस होता. पा, सत्वा. वेल्डर, जबल अली. अमक्या हॉटेलातला भांडी घासणारा. एका विमानातली हवाई सुंदरी होती, तिला गुरुजींनी कस्टमच्या रांगेत गाठून हातावरची माळ कसली ते विचारलं होतं आणि पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं होतं. पोलिसाला त्यांनी वही दाखवली. पोलिसाने पानं उलटली, हसला आणि म्हणाला, "खलास, यल्ला, जा."

त्या माळेतली पांढरी, मेणासारखी फुलं म्हणजे आपली पांढरी रुई निघाली. थाई लोक तिला 'दोक राक' म्हणतात. दोक म्हणजे फूल आणि राक म्हणजे प्रेम. हे कळल्यावर गुरुजी गोदामात एकटेच खो खो हसत बसले होते. मी विचारलं काय झालं, तर डोळे पुसत म्हणाले, "अहो, दर शनिवारी आपण मारुतीच्या गळ्यात काय घालतो? ब्रह्मचारी माणूस तो! शतकानुशतकं त्याला प्रेमाची फुलं घालतोय आपण, आणि तो बिचारा एका शब्दाने बोलला नाही."

आणखी एक दिवस विसरणार नाही. रामबुतान म्हणून एक केसाळ लाल फळ येतं. पा मावशीने त्याचं नाव सांगितलं तसे गुरुजी थेट माझ्या गाळ्यावर. गिऱ्हाईक उभं होतं, मी भाव करत होते, त्यांनी मला थांबवलं. "वहिनी, अंकलिपीत 'ङ' च्या चौकोनात काय असतं?"

"काही नसतं. रिकामाच असतो."

"बिगरीपासून रिकामा! पंतोजींना विचारलं तर म्हणाले, गप्प बस, 'ङ' ला शब्द नाही. आहे, वहिनी! शब्द आहे!" त्यांनी फळ डोक्यावर धरलं. "ङ रे ङॉ चा!"

माझं गिऱ्हाईक एक लेबनीज हॉटेलवाला होता. त्याला वाटलं मोठी काहीतरी खुशखबर आहे. त्याने टाळ्या वाजवल्या आणि भाव न करता सहा खोकी उचलली.

मी धंदेवाईक बाई. हा वेडेपणा बघून मी हसत बसणारी नव्हे. मी खोक्यांवर घरच्या नावांच्या चिठ्ठ्या लावायला लागले आणि गुरुजींकडून नावं घोकून घेतली. रेघा चुकल्या की ते माझ्याही पाठीत धपाटा घालतील असं वाटायचं. थाई स्वयंपाकी मंडईत यायचे, इतर गाळ्यांवर बोटाने दाखवायचे, माझ्याकडे मी त्यांना त्यांच्या फळांची नावं घेऊन हाका मारायची. मांगखुत उलटं करून बुडाशी असलेल्या पाकळ्या मोजायच्या, जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. मी न सोलता आकडा सांगायची आणि पैज जिंकायची. गुरुजी त्याला रातांब्याचा मोठा भाऊ म्हणायचे. दोन वर्षांत देऱ्यातला थाई माल म्हणजे माझा गाळा, असं झालं.

तेव्हा मी भागीदार घेतला. तो माझ्या माहेरच्या बाजूचा, लांबून मामेभाऊ लागणारा. व्हिजिट व्हिसावर मीच त्याला आणलं. इंग्रजी बरं बोलायचा, टाय बांधायचा, हॉटेलवाल्यांकडे जायला मला असा माणूस हवा होता. "ताई, ताई" करत घरात जेवायचा. गुरुजींना तो पाठीमागे 'फळजोशी' म्हणायचा. तोंडावर विचारायचा, "काय गुरुजी, आज कुणाचं बारसं?"

गुरुजी प्रामाणिकपणे सांगायचे, आज कुणाचं.

आता 'मैरू'ची हकिगत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. खवल्यांचं, सापाच्या कातड्यासारखं दिसणारं एक तपकिरी फळ येतं. गुरुजी ते घेऊन जबल अलीच्या वेल्डरकडे गेले. वेल्डर थायलंडच्या कोरड्या भागातला, त्याने असलं फळ कधी पाहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मैरू." गुरुजींनी वहीत लिहिलं, मैरू. आम्ही दोन महिने मैरू म्हणून विकलंसुद्धा. थाई गिऱ्हाईकं गालात हसायची, घ्यायची. शेवटी पा मावशीने डोक्याला हात लावला. थाई भाषेत 'मैरू' म्हणजे 'माहीत नाही'.

खरं नाव निघालं 'सला'. गुरुजींना त्याचं वेगळंच दुःख. "वहिनी, देवापुढे 'सला' म्हणताना जीभ चुकून लांबली तर केवढ्याला पडेल!"

पण त्यांनी वहीतला 'मैरू' खोडला नाही. खोडाखोड त्यांना खपायची नाही. म्हणाले, "त्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं, ते राहू दे." आणि जुन्या पोथ्यांना असतं तसं वहीच्या अगदी शेवटच्या पानावर 'शुद्धिपत्र' असं लिहून खाली चुका आणि दुरुस्त्या मांडल्या. मैरूच्या जागी सला वाचावे. अशा अकराएक ओळी.

भागीदार दोन हजार साल उलटल्यावर वेगळा झाला. शारजात स्वतःची कंपनी काढली. काढू दे, माझं म्हणणं नव्हतं. महिन्याभराने एका मोठ्या सुपरमार्केटात मी फळांच्या विभागात उभी राहिले आणि भिंतीवर बघितलं. चकचकीत तक्ता. थायलंडची फळं आणि फुलं, चित्रं, इंग्रजी आणि अरबी अक्षरांत घरची नावं. खाली 'संकलन' म्हणून माझ्या मामेभावाचं नाव. तो वेगळा होण्याआधी गुरुजी गावी गेले होते, वही महिनाभर माझ्या गाळ्याच्या खणात होती, तेव्हा त्याने पानांची झेरॉक्स काढून घेतली होती. मी तिथेच ओरडायला लागले. सिक्युरिटीवाला आला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना हाताला धरून तिथे नेलं. म्हटलं, आता तरी हा माणूस चिडेल. गुरुजींनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत अख्खा तक्ता वाचला. मग म्हणाले, "छपाई छान आहे. पण पाचव्या ओळीत मैरू राहिलंय. ह्याने शुद्धिपत्र बघितलेलं दिसत नाही."

"गुरुजी! तुमचं नाव कुठेय?"

"माझं नाव वहीतही नाही, वहिनी. मी फक्त विचारलं. सांगितलं त्यांनी."

मला त्यांचाही राग आला. आणि मी ठरवलं, नावं कुणी जमवली ते चार लोकांसमोर ठरवायचंच.

संधी चालून आली. शेख झायेद रोडवर एक नवं हॉटेल उघडत होतं, त्यात थाई रेस्टॉरंट, आणि त्याची मुख्य शेफ पन्नाशीची थाई बाई. वर्षाचा सगळा माल एकाकडून घेणार होती. तिने आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. बाई कडक आहे, दोघांना समोरासमोर उभं करून बघते, असं ऐकलं होतं. मी गुरुजींना रजा घ्यायला लावली. माल मिळो न मिळो, मला तिथे वही उघडायची होती.

भागीदार सूट घालून आला होता. हातात तक्ता, गुंडाळी करून. मला बघून म्हणाला, "ताई, तुम्हीपण? आणि हे काय, गुरुजींना कानटोपीत आणलंत?"

"तू टाय बांधून आलास, ते टोपी घालून आले. बघू कुणाचं डोकं चालतं."

टेबलावर शेफबाईंनी स्वतःच फळं मांडली होती, मध्ये पांढऱ्या चाफ्याचा वाडगा. बाई फार बोलत नव्हत्या. त्यांनी भागीदारासमोर तेच खवल्यांचं फळ सरकवलं. "धिस वन?"

भागीदाराने तक्त्याकडे बघायचीही तसदी घेतली नाही. "मै रू, मॅडम."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "यू डोन्ट नो?"

"येस मॅडम. मै रू."

"सप्लायर, बट डोन्ट नो?"

"नो नो मॅडम! आय नो! मै रू! व्हेरी स्वीट मै रू!" आणि त्याने तक्ता उलगडून पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी वाचलं. त्यांच्या मागे दोन थाई स्वयंपाकी उभे होते, त्यांतला एक पाठ फिरवून भिंतीकडे बघायला लागला आणि त्याचे खांदे हलायला लागले. बाईंनी ओठ घट्ट मिटले होते, पण डोळ्यांतून पाणी आलं. भागीदार हसत होता. त्याला वाटलं, सगळे खूश आहेत.

मग बाईंनी चाफ्याकडे बोट केलं. त्याने तक्त्यातून वाचलं, "लांथोम, मॅडम. व्हेरी फेमस."

हसणं थांबलं. बाई मागे सरकल्या. मला काही कळेना. गुरुजी पुढे झाले. फुलाला हात न लावता, आवाज चढवत उतरवत म्हणाले, "लीलावदी." हीसुद्धा शुद्धिपत्रातलीच एक ओळ.

आणि मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की ते जुनं नाव शोकाच्या शब्दासारखं ऐकू येतं, म्हणून लोक ते झाड दारात लावत नाहीत. आता फुलाला नवं नाव मिळालंय. नवीन हॉटेल आहे, शुभकार्य आहे, इथे ते जुनं नाव कशाला? "हमारे यहाँ भी मॅडम, दिया बुझाया नहीं बोलते. दिवा वाढवला बोलते. बढ़ाया."

बाईंनी मान खाली घालून हात जोडले. मग खवल्यांचं फळ उचलून त्यांच्यापुढे धरलं. गुरुजी म्हणाले, "सला," जीभ अजिबात लांबू न देता.

त्या क्षणी मी वही टेबलावर आपटली. पान उघडलं, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि हिंदी, इंग्रजी, जे तोंडाला आलं त्यात सुरू झाले. "मैरू. कोणी सांगितलं, वेल्डर, जबल अली. हे बघा मॅडम, हा वेल्डर गुरुजींना म्हणाला माहीत नाही. ह्यांनी मागे जाऊन दुरुस्त केलं. आता ह्याला विचारा, ह्याला मैरू कुठल्या थाई माणसाने सांगितलं? नाव सांग रे. कुठे भेटला? कॅम्पात? कुठल्या खोलीत?"

भागीदार म्हणाला, "ताई, आपण बाहेर बोलू."

"मराठीत बोललास तरी ह्यांना तुझ्या तोंडावरून कळतंय, घाबरू नको. बोल."

तो टायची गाठ सैल करायला लागला. बाईंनी वही स्वतःकडे ओढली. त्यांना आमची अक्षरं येत नव्हती, पण रेघा बघून त्यांनी विचारलं या काय. गुरुजी पान वाचायला लागले. मांगखुत, ङॉ, लामयाई, चोम्फू. एकेक नाव वर जात होतं, खाली येत होतं, घसरत होतं. दोघे स्वयंपाकी जवळ आले. एकाने हळूच नावं मागून म्हणायला सुरुवात केली, आमच्याकडे आरतीला लोक सूर धरतात तशी. एका ठिकाणी बाईंनी हात वर करून थांबवलं. एक रेघ चुकली होती. त्यांनी बरोबर म्हणून दाखवलं. गुरुजींनी खिशातून पेन काढलं, शेवटच्या पानावर दुरुस्ती लिहिली आणि नम्रपणे विचारलं, "मॅडम, युवर नेम? कोणी सांगितलं, लिहायचंय."

बाईंनी नाव सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यू. स्टार्ट सॅटर्डे." भागीदाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्याचा तक्ता टेबलावरच राहिला आणि मी तो उचलून त्याच्या काखेत दिला. मी इतकी वर्षं भाव केले, पण त्या दिवशी मला भाव करावाच लागला नाही. बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात गुरुजींच्या पाया पडले. ते म्हणाले, "उठा वहिनी, फरशी तापलीय."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण गुरुजी ते गुरुजी. आठवड्याने मला कळलं, की ते बसने शारजाला गेले आणि त्या माणसाच्या ऑफिसात त्याला शुद्धिपत्राची नक्कल देऊन आले. स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात!

मी इतकी ओरडले की शेजारचे गाळेवाले धावले. "तुम्हाला अक्कल आहे का? त्याने चोरलं, आणि तुम्ही उरलेलं नेऊन दिलंत?"

"वहिनी, तक्ता भिंतीवर आहे. लोक वाचतात. पोरंसोरं वाचतात. त्या फळाला सगळी दुनिया 'माहीत नाही' म्हणून हाक मारणार. तुम्हाला चालेल? कुणी तुम्हाला आयुष्यभर तशी हाक मारली तर?"

त्यांची लढाई वेगळी होती आणि ती त्यांनी जिंकली. तक्ता सुधारून निघाला. आजही निघतो, अमिरातींत सगळीकडे दिसतो आणि त्यात एकही चूक नाही. गुरुजी निवृत्त होऊन संगमेश्वरला गेले. जाताना वही माझ्या हातात दिली. तिकडे परसात रातांब्याच्या शेजारी मांगखुताचं झाड लावलं, त्याला फळ धरलं तेव्हा फोन करून म्हणाले, "पाहुणा घरचा झाला." त्यांची काही तक्रार नाही.

तक्रार माझी आहे. तक्त्याच्या नव्या आवृत्तीतही खाली तेच नाव छापलेलं बघून मी त्या माणसाला फोन केला होता. तो हसून म्हणाला, "ताई, नावं काय कुणाच्या बापाची असतात?" मी चार शिव्या दिल्या, पण नेमका प्रश्न तेव्हा सुचला नाही. मी फोन आपटला.

आता सुचलाय, म्हणून सगळ्यांसमोर त्यालाच विचारते. नावं कुणाच्या बापाची नसतात, कबूल. पण भर उन्हात कॅम्पाच्या दारात उभे राहिलेले पाय कुणाचे होते? स्टुलावर बसून जंगल आणि मावशी यांतला फरक शिकलेला कान कुणाचा? ज्या माणसांनी काम थांबवून, हात पुसून गुरुजींना एकेक नाव दिलं, त्यांच्यापैकी एकाला तरी तू कधी भेटलास का? पुढच्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमतात. तू तक्ता घेऊन ये, मी वही आणते. आणि पहिल्या ओळीपासून एकेका नावापुढे उभा राहून सांग, हे तुला कोणी सांगितलं?